बस बाई, कीर्तन चालू आहे

या, असे जवळ सरकून बसा. मागच्यांनीही पुढं या, इथं काही तिकीट नाही. पंखा हवा असेल तर आत्ताच लावून घ्या, नंतर मध्ये उठलेलं मला चालायचं नाही. एक गोष्ट सांगते. भुताची आहे, पण लेकरांना बाहेर पाठवू नका. यातलं भूत चांदवडचं आहे आणि त्याला चहात साखर कमी लागते.

मी उज्वला. नाशकात द्वारकेच्या चौकातून ज्या गल्लीत वळलं की हॉर्नचा आवाज जरा दम खातो, त्या गल्लीत माझं फॉल-पिकोचं दुकान आहे. लग्नसराईत नवऱ्यामुलींना नऊवारी नेसवून देते. आणि कुठं कीर्तन आहे असं नुसतं कानावर आलं तरी माझं शटर आपोआप खाली येतं, असं आमचे हे म्हणतात. म्हणोत बापडे. त्यांचं शटर क्रिकेटला खाली येतं.

तर गेल्या मार्गशीर्षात दुकानात एक मुलगी आली. जीन्स, पाठीला भलीमोठी बॅग, कानात ते बोलायचं यंत्र. नाव अदिबा, जुन्या नाशकातली. म्हणाली, "काकू, मी असिस्टंट डायरेक्टर आहे. मला एकोणीसशे बत्तीस सालच्या पंधरा बायका हव्यात."

मी म्हटलं, "अगं, त्या सालच्या बायका आता उभ्या तरी राहतील का?"

ती हसत बाकड्यावर बसली आणि मग नीट सांगायला लागली. देवळाली कँपाच्या बाजूला एक साहेबाच्या काळातला बंगला आहे, लाकडी जिना, मोठा हॉल, भोवती आंब्याची झाडं. तिथं भुताच्या पिक्चरचं शूटिंग चाललंय. मी पंधरा बायकांना जुन्या वळणाची नऊवारी नेसवून द्यायची, आणि बायकाही मीच आणल्या तर सोन्याहून पिवळं. सीन कीर्तनाचा आहे.

झालं! कीर्तन म्हटल्यावर माझ्या डोक्यातून भूत कधीच उतरलं होतं.

"बुवा कोण आहेत?" मी विचारलं.

"अजून ठरले नाहीत. आहेत का कुणी तुमच्या ओळखीत?"

असे प्रश्न देवच पाठवतो. आमचे गोरक्षबुवा! वय सत्तरीच्या पुढं, अंगानं काडीसारखे, पण उभे राहून 'विठ्ठल' म्हणाले की समोरच्याचं पोट आत ओढलं जातं. अडीच तास बोलतात, पाणी पीत नाहीत आणि घड्याळ बघणाऱ्याकडे असं बघतात की तो घड्याळ खिशात घालतो. मी त्यांना फोन लावला. अदिबानं त्यांना गोष्ट सांगितली: बंगल्यातली बाई विहिरीत पडून गेलेली असते, तिचा आत्मा भटकत असतो, गावकरी शांतीसाठी हॉलमध्ये कीर्तन ठेवतात, ती जिन्यावरून खाली येते, सगळे किंचाळत पळतात आणि बुवा एकटे मागे राहून जागेवर मरतात.

"मी कशानं मरतो?" बुवांनी विचारलं.

"भीतीनं."

"कीर्तन करताना?"

"हो, बुवा."

"मग चांगलं मरण आहे. येतो."

बायका गोळा करायला मी आमच्या भजनी मंडळात गेले. मंडळाच्या पुढच्या रांगेत लंकाबाई बसतात. पासष्ट-सत्तरच्या असतील, पेठ तालुक्याकडच्या माहेरवाशीण, गुडघे गेलेले, आवाज मात्र खणखणीत. त्यांच्याशिवाय मंडळ हलत नाही. मी म्हटलं, "पिरियड हॉरर पिक्चर आहे."

लंकाबाईंनी टाळ खाली ठेवले. "उज्वले, पिरियडचा पिक्चर हाय, आन त्यात कीर्तन?"

"अहो, पिरियड म्हणजे जुना काळ!"

"मंग जुना काळ म्हन ना बाई. भलतंच काय बोलती देवापुढं."

तर असं जमलं.

ठरल्या दिवशी सकाळी सातला गाडीनं आम्हाला बंगल्यावर सोडलं. मी वरच्या खोलीत कपड्यांचे पेटारे उघडून बसले. हातातली घड्याळं काढ, नेलपेंट खरवड, टिकल्या उपटून कुंकू लाव, पोलक्यातले मोबाईल बाहेर काढ, या सगळ्यात माझा तास गेला. तोवर तयार झालेल्या चार-पाच जणी खाली हॉलमध्ये गेल्या होत्या. आणि मग खालून एक किंकाळी आली. पुरुषाची.

धावत गेले. हॉलच्या मधोमध सेटचं काम बघणारा माणूस डोकं धरून उभा होता. हॉल कसा लख्ख! त्या माणसानं दोन दिवस खपून मशिननं कोळ्याची जाळी विणली होती. झुंबरावर, कोपऱ्यात, जिन्याच्या कठड्यावर. धूळ तर गोणीतून आणून चाळणीनं भुरभुरवलेली. आणि आमच्या लंकाबाईंनी कुठूनशी केरसुणी शोधून, काठीला फडकं बांधून, सगळं साफ करून टाकलेलं. वर दारात रांगोळीची चार बोटंही ओढलेली.

"कीर्तनाच्या जागंला जाळी?" त्या उलट त्याच्यावरच चिडल्या. "एवढी पोरं हाय हितं, एकालाबी झाडू मारावा वाटला नाय?"

डायरेक्टर हर्षल. मूळचा नाशिकरोडचाच मुलगा, मुंबईला जाऊन दाढी वाढवून आला. त्यानं कपाळाला हात लावला, पण मोठ्या बाईला काय बोलणार! जाळी पुन्हा विणेपर्यंत अकरा वाजले. खिडक्यांना काळी कापडं ठोकली. बाहेर आंब्यावर पोपट कलकलतायत, टळटळीत ऊन, आणि आत मध्यरात्र. मग धुराचं मशीन लावलं. लंकाबाई खोकल्या आणि म्हणाल्या, "धूप भेसळीचा हाय तुमचा."

याच वेळी भूत आलं.

निकिता तिचं नाव. पंचविशीतली, सावळी, मोठ्या डोळ्यांची. पांढऱ्या नऊवारीत तिला मीच गुंडाळलं होतं. केस मोकळे, पुढून चेहऱ्यावर ओढलेले. पायांना रबराची उलटी पावलं, टाचा पुढे, बोटं मागे. त्यावर तोल सांभाळत चालणं म्हणजे सर्कस. ही पोरगी दोन महिने चांदवडच्या गच्चीवर तसं चालायला शिकली होती. सीनचं तिचं काम एवढंच: जिन्यावरून उतरायचं, बायकांच्या मधोमध यायचं, बायका पळायच्या, मोठा पंखा लागायचा, केस उडायचे आणि तिचा चेहरा दिसायचा. तेवढाच. पण दिसायचा.

हर्षलनं सगळ्यांना समजावलं. बुवांना म्हणाला, "बुवा, तुमचं मरण आपण नंतर वेगळं घेऊ, आवाजही नंतर स्टुडिओत भरणार आहोत. तुम्ही आत्ता काहीही बोललात तरी चालेल. दोन ओळी परत परत म्हणा."

बुवा म्हणाले, "बरं." पण मला त्यांचा चेहरा ओळखीचा आहे. दोन ओळींवर थांबणारा तो चेहरा नव्हता.

अदिबा ओरडली, "सायलेन्स!" पखवाजावर थाप पडली, बुवांनी डोळे मिटले आणि 'विठ्ठल' म्हणाले.

खोटं नाही सांगत, मी पडद्याआड तोंडात टाचण्या धरून उभी होते, तरी अंगावर काटा आला. बुवांनी काढलं ते बंगल्याचंच निरूपण. हे घर कुणाचं? बांधणारा म्हणाला माझं, तो गेला. विकत घेणारा म्हणाला माझं, तोही गेला. भाडेकरू राहिला, त्याला तर कुणी विचारलंच नाही. मग बाबांनो, भूत म्हणजे तरी कोण? जो गेला आणि अजून 'माझं माझं' म्हणतोय तो. त्या हिशोबानं इथं बसलेल्यांत जिवंत किती आणि भुतं किती, ते ज्याचं त्यानं बघावं! बायका हसल्या. टाळ्या पडायला लागल्या. माना डोलायला लागल्या. कॅमेरा बिमेरा सगळं विसरलं.

आणि त्यात निकिता उतरली. एक एक पायरी, मान वाकडी, हात लोंबते, घशातून घरघर. मी आधी बघितलेली, माझ्याच हातची नेसलेली, तरी माझ्या तोंडातली एक टाचणी पडली. ती आली, थेट लंकाबाईंच्या समोर उभी राहिली.

लंकाबाईंनी वर पाहिलं. मग शेजारणीला कोपरानं ढकललं, आपण सरकल्या, सतरंजीवर हातानं धूळ झटकली आणि हळूच म्हणाल्या, "बस बाई. कीर्तन चालू हाय. भिंतीला टेक."

निकिता घरघरली.

"बस, बस. खोकला हाय का? खडीसाखर दिऊ?"

"कट!" हर्षल ओरडला. बुवा थांबले नाहीत, त्यांना कट कळत नाही. अदिबानं जाऊन त्यांच्या पाया पडून त्यांना थांबवलं.

हर्षल लंकाबाईंपुढं उकिडवा बसला. "मावशी, ती भूत आहे."

"दिसलं ना मला."

"मग पळायचं."

"का?"

"भूत आहे म्हणून!"

"आरं बाबा," लंकाबाई त्याला लहान पोराला सांगावं तसं सांगायला लागल्या, "भूत कीर्तनाला आलं म्हंजे त्याला सुटायचं हाय. आन आपन पळायचं? येवढ्या लांबून आलीय बाई, पाय बघ कसे उलटे, लय त्रास होत आसंल. तिला बसायला नको?" मग निकिताकडे वळून, "जन्माचेच हाय का गं पाय? आमच्याकडं एक हाडवैद्य हाय."

"मावशी, रबराचे आहेत," निकिता केसांमागून म्हणाली.

"आन दुसरं," लंकाबाई पुढं म्हणाल्या, "कीर्तनातून आरतीच्या आधी उठत नाय. म्या साठ वर्सांत उठले नाय. पहिला नातू झाल्याचा निरोप कीर्तनात आला व्हता, तरी आरती घेऊन मंग गेले. तू म्हनतो भुतासाठी ऊठ."

बाकीच्या बायकांनी माना डोलावल्या. त्यांच्या मते मुद्दा संपला होता.

हर्षलनं डोकं चालवलं. बायका उठत नाहीत कारण कीर्तन खरं होतंय. मग कीर्तनच बंद करू. बुवांनी नुसते ओठ हलवायचे, आवाज काढायचा नाही, पखवाजवाल्यानंही हात वरच्यावर फिरवायचा. बुवा म्हणाले, "खोटं कीर्तन मला येत नाही, पण ओठ हलवून बघतो."

दुसरा टेक. चिडीचूप. बुवा उभे, हात वर, तोंड उघडझाप होतंय आणि आवाज नाही. त्यांना स्वतःलाच ते इतकं विचित्र वाटत होतं की डोळे विस्फारले, मानेच्या शिरा ताठ झाल्या. लंकाबाई एकदम ताडकन उठल्या.

आम्हाला वाटलं, जमलं!

"बुवांना झटका आला!" लंकाबाई ओरडल्या. "धरा! धरा त्येन्ला!"

पंधराच्या पंधरा बायका पळाल्या. पण मागे नाही, पुढे. निकिता बिचारी नेमकी मध्ये. तिला सरळ बाजूला सारून त्या बुवांवर तुटून पडल्या. एकीनं पाय धरले, एकीनं तळवे चोळायला घेतले, कुणीतरी स्वैपाकाच्या तंबूकडे धावली आणि कांदा घेऊन आली. लंकाबाईंनी तो बुक्कीनं फोडून बुवांच्या नाकाला लावला. बुवा म्हणत होते, "अहो, मी बरा आहे," पण झटका आलेला माणूस असंच बडबडतो हे सगळ्यांना ठाऊक असल्यामुळं कुणी सोडेना. निकिता कोपऱ्यात, एका पायाचं रबर फिरल्यामुळं एक पाऊल पुढे, एक पाऊल मागे अशी, सुटलेल्या निऱ्या हातात धरून उभी होती.

हर्षल म्हणाला, "जेवण करून घ्या."

जेवणाच्या वेळी मी निकिताला परत नेसवायला वर घेऊन गेले. ती खुर्चीत बसली आणि तिच्या पांढऱ्या रंगावरून दोन ओघळ खाली आले. मी म्हटलं, "अगं, रडू नको, परत रंगवावं लागेल."

"काकू, खाली हर्षल सर फोनवर बोलत होते. पाचला बंगला सोडायचाय. तोवर शॉट नाही झाला तर माझा सीनच काढून टाकणार. बायका बसलेल्याच ठेवायच्या आणि भूत नंतर कॉम्प्युटरवर करायचं, बिनचेहऱ्याचं, नुसता धूर."

"मग काय झालं? दुसरा पिक्चर मिळेल."

"तीन झाले," ती म्हणाली. "पहिल्यात माझा हात होता, दार उघडणारा. दुसऱ्यात पाठ. तिसऱ्यात मी प्रेत होते, तोंडावरून चादर. आई तिन्ही वेळा चांदवडहून गाडी करून थेटरात आली. आत्याला, मावशीला घेऊन. तिन्ही वेळा बाहेर येऊन विचारलं, 'तू कुठं होतीस गं?' तिसऱ्यांदा आत्या हसली. आईनं तिच्याशी बोलणं सोडलंय." तिनं नाक पुसलं. "या वेळी तोंड आहे. दीड सेकंद. मी आईला सांगून बसले."

तिच्या चहात मी दोन चमचे साखर घातली, तिनं एकच घोट घेऊन खाली ठेवला. म्हणाली, "गोड झालाय."

खिडकीचं काळं कापड जरा बाजूला होतं. खाली अंगणात आमच्या बायका जेवायला बाहेर पडत होत्या. बाहेर आल्या की पंगतीकडे नाही, आधी पायरीशी. प्रत्येकीनं वाकून आपापली चपलेची जोडी बघितली, बरोबर आहे याची खात्री केली, मग पुढं. लंकाबाईंनी तर आपल्या चपला उचलून दुसऱ्या कोपऱ्यात, कुंडीमागं लपवल्या.

निकिता बघत होती. "काकू, या बायका कीर्तनातून कशानंच उठत नाहीत का हो?"

आणि माझी जीभ! देवानं ती भजनाला दिली आणि मी ती कुठं वापरली. मी हसत म्हटलं, "कशाला नाही उठत? मागच्या सप्ताहात एकानं मांडवाबाहेर 'चपला चालल्या' असं नुसतं म्हटलं, तर अर्धा मांडव रिकामा झाला. आमच्या लंकाबाई तेवढ्या उठल्या नव्हत्या. त्यांच्या जुन्या होत्या तेव्हा. आता मुलानं गुडघ्यासाठी डॉक्टरी चपला आणून दिल्यात, गेल्या तर परत त्या मापाच्या मिळत नाहीत म्हणतात."

निकिता खालच्या कुंडीकडे बघत राहिली. मला वाटलं, ऐकून सोडून दिलं.

दुपारी आणखी दोन टेक झाले. एकात बायकांनी सांगितल्याबरहुकूम घाबरून दाखवलं, म्हणजे पदर तोंडात धरून खुदूखुदू हसल्या. दुसऱ्यात बुवा रंगात आले आणि कुणी हललंच नाही. लंकाबाईंनी निकिताच्या हाताला धरून खाली बसवायचा प्रयत्न केला. साडेचार झाले. बंगल्याचा वॉचमन किल्ल्यांचा जुडगा वाजवत दारात येऊन उभा राहिला. हर्षल अदिबाला म्हणाला, "शेवटचा. नाहीतर गेलं."

पखवाज. बुवा. जिना.

निकिता उतरली. सकाळपेक्षा हळू. बायकांच्या मधोमध आली, लंकाबाईंपुढं थांबली. लंकाबाई सवयीनं सरकायला लागल्या. आणि निकिता खाली वाकली. केस पडद्यासारखे दोघींच्या मध्ये पडले. ओठ कुणाला दिसले नाहीत. पडद्यामागून मलाही फक्त घरघर ऐकू आली.

लंकाबाईंचं तोंड उघडं पडलं. असलं भय मी कुठल्या पिक्चरात बघितलं नाही. डोळे बाहेर, हात छातीवर, आणि मग अशी किंकाळी फुटली की झुंबरावरची नवी जाळी हलली.

"चपला!"

एक उठली, चार उठल्या, पंधरा उठल्या. टाळ पडले, पदर सुटले, एकमेकींना तुडवत, "आगं माझ्या!", "आगं बाई, सोड!" करत दाराकडे लोंढा. वॉचमन किल्ल्यांसकट भिंतीला चिकटला. गुडघे गेलेल्या लंकाबाई सगळ्यांत पुढं. पंखा लागला. निकिता सरळ झाली, केस मागे उडाले, आणि तो चेहरा दिसला. ओघळ तसेच राहिलेले, डोळे भरलेले. मला वाटलं, विहिरीत पडलेली बाई अशीच दिसली असेल.

"कट! ओके! ओके!" हर्षल नाचायलाच लागला. "मावशी काय घाबरल्यात! त्या 'चपला'च्या जागी नुसती किंकाळी टाकू!"

आत बुवा बोलतच होते. समोर रिकामी सतरंजी, विखुरलेले टाळ आणि एक भूत. भुतालाच ते समजावत होते की घर कुणाचंच नसतं. आणि निकिता उभ्या जागी ऐकत होती. कट झालं तरी हलली नाही.

बाहेर चपला सगळ्या जागेवर होत्या. बायका हसायला लागल्या, कुणी सांगितलं, कुणी सांगितलं म्हणून एकमेकींना चिमटे काढायला लागल्या. लंकाबाई हसल्या नाहीत. कुंडीमागून काढलेल्या चपला हातात घेऊन त्या व्हरांड्यात आल्या. तिथं अदिबाच्या टीव्हीवर तो शॉट परत लावलेला होता. लंकाबाईंनी स्वतःला पळताना बघितलं.

"ही मी?"

"तुम्हीच, मावशी! कमाल!" हर्षल म्हणाला.

"म्या कीर्तनातून उठले." त्या एवढंच म्हणाल्या. मग टीव्हीकडे बोट दाखवून, "हे पुसता येतं का?"

निकिता आतून आली होती, ती दारातच थांबली. मग उलट्या पावलांनी कशीबशी चालत आली आणि लंकाबाईंच्या पायाशी वाकली. "मावशी, मी खोटं बोलले. पुसायचं असेल तर पुसा."

मला बोलायला हवं होतं की तिला चपलांचं सांगणारी मीच. नाही बोलले. तेही सांगून टाकते, कारण देवापुढं एकदा सांगून झालंय आणि त्यानं अजून उत्तर दिलेलं नाही.

लंकाबाईंनी निकिताला उठवलं नाही. अदिबाला विचारलं, "पुसलं, तर हिचं काय?"

"हिचं काम जातं. कॉम्प्युटरवर धूर करतील."

"आन हितं हिचं तोंड दिसतं का?"

अदिबानं मागे-पुढे करून ती जागा काढून थांबवली. निकिताचा चेहरा, मोठ्या डोळ्यांचा, पूर्ण. लंकाबाई जवळ गेल्या, डोळे बारीक करून बघत राहिल्या. आतून बुवांचा आवाज येत होता.

"कुनाची गं तू?"

"चांदवडची, मावशी. वडील नाहीत. आई आहे."

"आई बघती का पिक्चर?"

"तीनदा आली. तीनदा मी दिसले नाही."

"ह्यात दिसशील?"

निकितानं हो म्हणून मान हलवली.

लंकाबाईंनी चपला खाली ठेवल्या. "ऱ्हाऊ दे मंग," त्या हर्षलला म्हणाल्या. "पुसू नको. म्या पळालेली दिसते तर दिसते. पर ह्या सीनला खाली लिवा, की लंकाबाई भुताला भिली नाय म्हनून."

"मावशी, असं लिहिता येत नाही," हर्षल म्हणाला.

"मंग कशाला शिकला रं येवढं?"

आणि त्या आत गेल्या. त्यांच्या मागं बाकीच्या. पाच वाजून गेले होते. पोरं खिडक्यांची काळी कापडं उपटत होती, एकेका खिडकीतून ऊन आत पडत होतं, वायरी गुंडाळल्या जात होत्या, धुराचं मशीन बंद पडताना उचक्या देत होतं. पण बुवा थांबले नव्हते, म्हणून बायका आपापल्या जागी बसल्या. लंकाबाईंनी सतरंजीवर शेजारी हात थोपटला. या वेळी भूत मुकाट्यानं बसलं, भिंतीला टेकलं. आरती झाली तेव्हा लंकाबाईंनी तिच्या पांढऱ्या कपाळाला बुक्का लावला आणि तिच्या कानात काहीतरी म्हणाल्या. निकिता हसली. काय म्हणाल्या ते मी दोघींनाही विचारलं, एकीनंही सांगितलं नाही. वॉचमननं दोन वेळा प्रसाद घेतला.

पिक्चर अजून लागायचा आहे. लागेल तेव्हा जा बापडे, पैसे खर्च करा, घाबरा, चणे खा. कीर्तनाचा सीन येईल. बंगल्याच्या हॉलमधून बायका किंचाळत पळतील आणि सगळ्यांत पुढं एक म्हातारी असेल, तोंड वासलेली, पदर सुटलेली. थेटरात लोक तिला हसतील. हसू देत. तुम्ही मात्र शेजारच्याला सांगा, की ही बाई भुताला भ्यायलेली नाही, हिनं भुताला बसायला जागा दिली होती. आणि रात्री देवापुढं हात जोडाल तेव्हा स्वतःचं मागून झालं की एकदा लंकाबाईंची आठवण काढा. गुडघे फार दुखतात हो त्यांचे. आणि त्या दिवसापासून त्या कीर्तनाला अनवाणी येतात.